शून्य लिहा, रिकामं सोडा, पण अंदाजानं भरू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोर तालुक्याच्या पश्चिम भागात एका संस्थेनं २४ गावांत हातानं मोजायचे साधे पर्जन्यमापक बसवले (नरसाळ्यातून बाटलीत पाणी साठतं, ते रेघांच्या काचेच्या मापानं मोजायचं). जूनमध्ये २३ गावांतून रोज सकाळी आकडा यायचा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ही संख्या ९ वर आली. त्या नवांतल्या दोघा-तिघांचे आकडे ५, १०, २० असे गोल येतात. लोकांचा उत्साह ओसरला का, मानधन सुरू करावं का, की हे सगळं सोडून स्वयंचलित यंत्रंच घ्यावीत, असं समन्वयाचं काम करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे.

ताई, मी गेली बारा वर्षं शेजारच्या वाई तालुक्यात हेच काम करतो. धोम-बलकवडीच्या वरच्या वाड्यांपासून खाली पाचवड-भुईंजपर्यंत आमचे पर्जन्यमापक आहेत. तुमची जी अवस्था आज आहे तीच माझी पहिल्या वर्षी होती, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

उत्साह ओसरला हे निदान मला पटत नाही. तुमच्याकडची यादी काढा आणि प्रत्येक गावाचा शेवटचा आकडा कोणत्या तारखेला आला ते बघा. माझा अंदाज, बहुतेक गावं जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गळाली असतील. म्हणजे भातलावणी. तुमच्या भागात त्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस सकाळी सातला चिखलात उतरलेलं असतं. साडेआठला घरी येऊन नरसाळं काढून पाणी मोजणार कोण? दोन दिवस राहून जातात. तिसऱ्या दिवशी वेळ मिळतो, पण आता लाज वाटते. ग्रुपवर इतरांचे आकडे रोज पडताहेत आणि आपले दोन दिवस कोरे. मग चौथा दिवसही जातो.

पहिल्या वर्षी सप्टेंबरात मी थोड्या रागातच गावं फिरलो. एका वस्तीवर आप्पांकडे गेलो. त्यांचा आकडा ९ जुलैनंतर आलाच नव्हता. मी काही बोलायच्या आत त्यांनी देवळीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढून दिली. ९ जुलैपर्यंत रोजची नोंद होती. १० आणि ११ कोरे. आणि १२ जुलैपासून मी तिथं उभा होतो त्या सकाळपर्यंत एकही दिवस न चुकता पाऊस लिहिलेला. दोन महिने ते मोजत होते, फक्त पाठवत नव्हते. “मधले दोन दिस ऱ्हायले, आता कुठल्या तोंडानं पाठवू?” असं म्हणाले. त्या दिवसानंतर या कामाकडे बघायची माझी नजर बदलली. माणसं मोजायची थांबत नाहीत, कोऱ्या जागेची लाज वाटते म्हणून बोलायची थांबतात. ती लाज घालवणं हे समन्वयकाचं पहिलं काम आहे आणि आपण नकळत उलटंच करतो. “अमुक गावाचा आकडा आला नाही” असं रोज ग्रुपवर टाकतो.

म्हणून आधी त्या पंधरा घरी फोन करा. “का पाठवलं नाही” हे वाक्य तोंडातून काढू नका. “वहीत काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा, मी उतरवून घेते” असं म्हणा. तीन-चार घरांत तरी तुम्हाला आप्पांची वही सापडेल.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक निरीक्षकाला तीन गोष्टी वेगळ्या लिहायला शिकवा. पाऊस पडला नाही आणि आपण जाऊन बघितलं, तर ०.०. आपण बघितलंच नाही, तर आडवी रेघ. दोन-तीन दिवस बघितलं नाही आणि मग एकदम मोजलं, तर “३ दिवसांचा मिळून ८४.२” असं. हे ८४.२ स्वतःच्या मनानं तीन दिवसांत वाटून द्यायचे नाहीत. वाटणी करायची असेल तर ती नंतर शेजारच्या गावांच्या आकड्यांवरून आपण करू, आणि ती केली आहे अशी खूण करून ठेवू.

शून्य आणि रेघ यांतला फरक लोकांना लवकर पटत नाही. पाऊसच नाही तर कळवायचं काय, असं वाटतं. मी त्यांना उलट विचारतो, ऑगस्टात पंधरा दिवस ताण पडला आणि वहीत पंधरा दिवस काहीच नाही, तर चार वर्षांनी वाचणाऱ्याला कसं कळणार की पाऊस नव्हता, की वहीवाला लग्नाला गेला होता? अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी २८ जुलै १९९७ ला असा पाऊस झाला की गावाच्या पश्चिम अंगाला ३५० मि.मी.च्या वर पडला आणि पूर्वेला ५० सुद्धा नाही. पाच माणसं गेली. त्यातून १९९८ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी घरोघरच्या पर्जन्यमापकांचं जाळं सुरू केलं. कोकोराज नावाचं ते जाळं आज देशभर पसरलंय, आणि ते लोक पहिल्या दिवसापासून निरीक्षकाला सांगतात की शून्यसुद्धा कळवा. आमच्याकडे मी साधी सवय लावली. शून्याच्या दिवशी आकडा पाठवणाऱ्याला मी आवर्जून उत्तर देतो. शंभर मि.मी. पडलं की सगळेच पाठवतात, त्यांना कौतुकाची गरज नसते.

गोल आकड्यांकडे आता येऊ. कुणाचा आकडा नीट मोजलेला नाही हे ओळखायला दशांशाचा अंक पुरतो. महिनाभराच्या खऱ्या नोंदीत दशांशाच्या जागी ० ते ९ सगळे अंक विखुरलेले दिसतात. सगळीकडे ० आणि ५ दिसले तर दोन शक्यता असतात. एक, काच, म्हणजे मोजायचं माप, बारकाईनं वाचली जात नाही. दोन, घरातूनच अंदाजानं लिहिलं जातंय. पहिली शक्यता आधी धरा, कारण ती जास्त वेळा खरी निघते. काच हातात वाकडी धरली, डोळा वर राहिला, पाण्याची कड बघितली आणि मधला खोलगट तळ बघितला नाही, तर माणूस जवळची मोठी रेघ वाचतो. सपाट फळीवर काच ठेवायची, खाली बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आणि मधला खालचा भाग वाचायचा. हे फोनवर सांगून जमत नाही, शेजारी बसून दाखवावं लागतं. अर्ध्या गोल आकड्यांचा प्रश्न तिथंच मिटतो.

उरलेल्यांनी खरंच अंदाजानं भरलं असेल, तर तेही कोऱ्या जागेच्या भीतीनंच. एका मावशींनी मला सरळ सांगितलं होतं, रेघ मारली तर तुम्हाला वाटेल मी लबाडी करते. म्हणजे लबाडी दिसू नये म्हणून त्या लबाडी करत होत्या! तेव्हापासून प्रत्येक हंगामाच्या पहिल्या बैठकीत मी माझी स्वतःची वही फिरवतो. माझ्या घरीही पर्जन्यमापक आहे आणि माझ्या वहीत दर वर्षी दहा-पंधरा रेघा असतात. लोक त्या मोजतात आणि निवांत होतात. कुणाला चुकीबद्दल बोलायचं तर घरी जाऊन, कधीही ग्रुपवर नाही.

माणूस निवडताना मी सुरुवातीला फार चुकलो. बैठकीत पुढं बसणारा, भाषण करणारा तरुण निवडायचो. तो जुलैत पुण्याला नोकरीला लागायचा. शाळा निवडली तर रविवार, सुट्ट्या आणि गुरुजींची बदली. शाळेत पर्जन्यमापक जरूर ठेवा, मुलांना शिकायला त्यासारखं काही नाही, पण गावाची मुख्य नोंद तिच्यावर सोडू नका. माझा सगळ्यात चांगला अनुभव दूध संकलन केंद्राचा आहे. तो माणूस वर्षाचे ३६५ दिवस सकाळी तिथं असतो. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) असे दशांशातले आकडे वहीत लिहिणं हा त्याचा रोजचा धंदा आहे. माप चुकलं तर गवळी भांडतात हे तो जाणतो. साडेआठपर्यंत त्याचं संकलन आटोपलेलं असतं. केंद्रामागं मोकळी जागा असेल तर दुसरीकडे शोधू नका. त्याखालोखाल किराणा दुकानदार, पिठाची गिरणी, आणि निवृत्त होऊन गावी आलेला माणूस.

यादी करताना अजून एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आमच्या यादीत ३१ नावं होती, त्यात बायका दोन. प्रत्यक्षात फिरलो तेव्हा दिसलं की निम्म्याच्या वर घरांत नरसाळं काढून पाणी मोजणारी बाई होती आणि आकडा पाठवणारा पुरुष. काकांना काच कशी धरायची विचारलं तर ते आत बघून “अगं, सांग जरा” म्हणायचे. म्हणजे मी दोन वर्षं प्रशिक्षण भलत्याच माणसाला देत होतो. आता यादीत मोजणाऱ्याचंच नाव असतं, बैठक दुपारी दोनला ठेवतो म्हणजे वहिनी-मावशींना येता येतं, आणि फोन घरात एकच असेल तरी संदेशाखाली तिचं नाव असतं. नावाचं मोल मोठं आहे. तहसील कचेरीतल्या जुन्या पर्जन्यमापकाला आपण सायमनचा पर्जन्यमापक म्हणतो. ज्याच्या नावावरून ते आलं त्या जॉर्ज जेम्स सायमन्स या इंग्रज गृहस्थानं १८६० पासून ब्रिटनभरच्या हौशी लोकांकडून पावसाच्या नोंदी गोळा केल्या. सुरुवातीला दीडशेच्या वर ठिकाणं होती, १९०० मध्ये तो वारला तेव्हा ती तीन हजारांच्या वर गेली होती. त्याच्या वार्षिक अहवालात ठिकाणासमोर निरीक्षकाचं नाव छापलेलं असायचं. आमचा वर्षाचा तक्ता दोन पानांचाच असतो, पण त्यातही नाव छापतो.

एका घरी एकच माणूस शिकवू नका. दोन तरी हवेत, आणि दुसरा शेजारच्या घरातला असला तर उत्तम. लग्न, दवाखाना, पंढरीची वारी, गणपतीला आलेले मुंबईकर पाहुणे, यातलं काहीतरी प्रत्येक घरात होणारच. वारीच्या काळात तर आमच्याकडची चार-पाच गावं शेजाऱ्यांच्या जिवावर चालतात.

आता पर्जन्यमापकाच्या जागेबद्दल. तोंड जमिनीपासून ३० सें.मी. वर, सपाट, आणि जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, हे तुम्हाला माहीतच असेल. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्याच्या झोतानं पाऊस तोंडावरून वाहून जातो आणि आकडा कमी येतो. पण जागा मे महिन्यात तपासून समाधान मानू नका. पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडची माणसं पडवीपुढं ताडपत्री ओढतात, गोठ्याला प्लास्टिक लावतात, आणि मे महिन्यातली मोकळी जागा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पागोळ्यांखाली आलेली असते. शेवग्याची फांदी, परसात लावलेली पपई, कुंपणावर चढलेला दुधीचा वेल, ही सगळी सप्टेंबरपर्यंत उंच होतात. म्हणून एक फेरी जूनच्या मध्याला आणि एक गणपतीच्या आधी. कुंपण मात्र हवंच, म्हैस अंग घासते आणि कोंबड्या नरसाळ्यावर बसतात.

आणि काच! माझी सगळ्यात मोठी चूक काचेची आहे. आमचे पर्जन्यमापक १०० चौ. सें.मी. तोंडाचे. त्यात १ मि.मी. पाऊस म्हणजे १० मिलिलिटर पाणी. बाजारात २०० चौ. सें.मी.चेही मिळतात, त्यात १ मि.मी. म्हणजे २० मिलिलिटर. दोन्हींच्या मोजायच्या काचा दिसायला सारख्याच. तिसऱ्या वर्षी एका वाडीतली काच फुटली, मी घाईघाईनं नवी आणून दिली आणि ती २०० ची निघाली. पुढचे पाच आठवडे त्या वाडीचा पाऊस निम्मा येत होता. मोजणाऱ्या वहिनी दोनदा म्हणाल्या होत्या की, भाऊजी, ओढा भरून वाहतोय आणि आकडा एवढासाच कसा. मी त्यांना पाऊस जागोजागी वेगळा असतो असं शहाणपण सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. आता प्रत्येक काचेला आणि तिच्या मापाच्या नरसाळ्याला सारख्याच रंगाची ऑइलपेंटची पट्टी मारलेली असते. लाल काच लाल पर्जन्यमापकाला, हिरवी हिरव्याला. काच फुटली आणि नवी यायला वेळ असेल तर पाणी झाकणाच्या बाटलीत भरून तारीख लिहून ठेवायचं, किंवा औषधाच्या दुकानातल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजनं मोजायचं. आमच्या मापकात एक सिरिंज म्हणजे एक मि.मी., इतकं सोपं.

तुमच्याकडे घाटमाथ्याजवळची गावं आहेत, तिथं बाटलीची क्षमताही बघा. १०० चौ. सें.मी. तोंडाला ४ लिटरची बाटली असेल तर ४०० मि.मी. मावतो, २ लिटरची असेल तर २०० लाच ती भरून वाहते. घाटमाथ्यावर २०० हा काही दुर्मीळ आकडा नाही. मुसळधार दिवशी संध्याकाळी एकदा मोजून, लिहून, बाटली रिकामी करायची आणि सकाळच्या आकड्यात ते मिळवायचं.

तारखेचा घोळ सगळीकडे होतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला बदलतो. काल ८:३० पासून आज ८:३० पर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. लोकांच्या मनात तो “कालचा पाऊस” असतो, म्हणून निम्मे लोक कालच्या तारखेला लिहितात. मी वहीत तारखेच्या रकान्याचं शीर्षकच “मोजलं त्या दिवसाची तारीख” असं छापून घेतलं. वाद तिथं संपला.

एखादा आकडा फार वेगळा आला की तो चुकीचाच, असं समजू नका. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मि.मी. नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३.४. फक्त कुलाब्याचा आकडा हाती असता तर मुंबई का बुडाली हे कुणालाच कळलं नसतं. आपल्या भागात तर डोंगरच पाऊस वाटून देतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मि.मी.च्या वर, तिथून अठरा-वीस किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि घाट उतरून वाईत आलं की हजाराच्या आत. म्हणून वेगळा आकडा आला की मी खोडत नाही. फोन करतो आणि तीन गोष्टी विचारतो. दशांश चिन्ह कुठं होतं, बाटली काल रिकामी केली होती का, आणि पाऊस कसा पडला. १२.४ चे १२४ टाइप होणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त आवडतं. झड होती, की एकच वळिवासारखी सर आली, की रात्रभर रिपरिप? यंत्र ते सांगत नाही. आमच्या वहीत शेवटचा रकाना “कसा पडला” असा आहे आणि तिथं लोक स्वतःच्या शब्दांत लिहितात. “ओढ्याला तांबडं पाणी”, “ओल चार बोटं”, “वारं पश्चिमेचं, कौलं उडाली”. हे शब्द प्रमाण भाषेत बदलू नका, जसेच्या तसे उतरवून घ्या.

मानधनाचं विचारलंय. दर नोंदीमागं पैसे अजिबात देऊ नका. एका हंगामात दुसऱ्या एका कामात मी ते जवळून पाहिलं. नोंदीमागं पैसे ठरले आणि त्या महिन्यात एकाही वहीत रेघ उरली नाही. सगळे दिवस भरलेले, सगळे आकडे साजरे. रिकाम्या जागेला दंड लावला की ती खोट्यानं भरते. पण याचा अर्थ गरिबाच्या घरून वर्षानुवर्षं फुकट काम करून घ्यावं असाही नाही, आणि “स्वयंसेवक आहेत, त्यांना पैसे कशाला” असं म्हणणाऱ्या संस्थांशी माझं पटत नाही. आम्ही हंगामाची एक ठरावीक रक्कम देतो, मोबाइल रिचार्ज आणि येण्याजाण्याचा खर्च धरून. ती किती दिवस भरले यावर अवलंबून नसते. दहा रेघा असलेल्यालाही तेवढीच, एक रेघ असलेल्यालाही तेवढीच.

एका गोष्टीबद्दल मात्र तुम्हाला आत्ताच सावध करतो, कारण ती तुमच्याकडेही येणार. २४ तासांत महसूल मंडळात ६५ मि.मी.च्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानीचे पंचनामे त्यावर होतात. मंडळासाठी अधिकृत आकडा शासनाच्या महावेध प्रकल्पातल्या स्वयंचलित केंद्राचा असतो. एका मंडळात बरीच गावं असतात आणि केंद्र एक. मग गावात भात झोपलेलं असतं आणि केंद्रावर ५० दिसतो. अशा वेळी लोक तुमच्या निरीक्षकाच्या दारात येतात. आमच्या एका दुकानदाराला “६१ चे ६६ कर, तुझं काय जातं” म्हणून गावातल्याच माणसांनी दोन दिवस घेरलं होतं. तो हादरला होता, आणि चूक माझी होती. आमचा आकडा कशासाठी आहे हे मी गावाला कधी सांगितलंच नव्हतं.

आता दर वर्षी हंगामाच्या आधी ग्रामसभेत सांगतो की ही नोंद पंचनाम्याला चालत नाही. तिच्या आधारे तलाठी किंवा कृषी सहायकाकडे अर्ज करता येतो, आमच्या गावात जास्त पडलाय, येऊन बघा म्हणता येतं, पण भरपाईचं वचन ती देत नाही. दुसरं, आकडा सकाळी नऊच्या आत ग्रुपवर आणि दूध केंद्राच्या फळ्यावर, दोन्हीकडे जातो. एकदा सगळ्यांनी वाचला की तो बदल म्हणायला कुणी येत नाही. निरीक्षकाला वाचवायचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

आकडा गावाला परत मिळतोय का? हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं ते सगळ्यात आधी. तुमची गावं रोज देताहेत, त्यांना मिळालं काय? पहिल्या वर्षी मीही महिन्याचा आलेख काढून पाठवायचो. कुणी बघत नव्हतं. मग एका बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “यंदा मृगाचा किती आणि आर्द्राचा किती, ते सांग की.” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लोक पाऊस जून-जुलैत मोजत नाहीत, नक्षत्रात मोजतात. मृग ७-८ जूनला निघतं, पुढं साधारण तेरा-चौदा दिवसांनी एकेक. आता तक्ता नक्षत्रवार असतो. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, आश्लेषा, मघा असं करत हस्तापर्यंत. आणि शेजारी मागच्या वर्षीचा आकडा. पुनर्वसूचा तरणा पाऊस यंदा पुष्याच्या म्हाताऱ्यापेक्षा कमी पडला, यावर दूध केंद्रावर तासभर चर्चा चालते. ती चर्चा ऐकून दुसऱ्या दिवशी कुणी आकडा चुकवत नाही.

ऑक्टोबरात पाण्याचा हिशेब मांडतो. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गावचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ६०० मि.मी. असेल, तर ४८० कोटी लिटर पाणी गावावर पडलं. ते कुठं गेलं, विहिरीत किती उतरलं, रब्बीला ऊस लावायचा की ज्वारी-हरभरा, हा विषय मग ग्रामसभेत खऱ्या आकड्यावर निघतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला हा आकडा निरीक्षकानंच वाचायचा, तुम्ही नाही. आमच्या त्या आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत उभं राहून बोललं ते याच दिवशी.

गणपती उठले की पाऊस संपला असं समजून वह्या बंद होतात, तेवढं सांभाळा. परतीचा पाऊस हस्त-चित्रात कापणीला आलेल्या भाताची माती करतो, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती आठवत असेल. गारा पडल्या तर त्या मापकातच वितळू द्यायच्या आणि मग मोजायच्या.

स्वयंचलित यंत्रांविषयी थोडक्यात. एक-दोन जरूर घ्या, मिनिटामिनिटाची तीव्रता त्यांनाच कळते. पण उलटणाऱ्या वाटीच्या यंत्रात (छोटी वाटी भरून किती वेळा उलटली त्यावरून ते पाऊस मोजतं) पानं, कोळ्याचं जाळं, मुंग्या जातात आणि ते गप्प शून्य दाखवत राहतं. ते शून्य खरं की खोटं हे सांगायला शेजारी हाताचा पर्जन्यमापक आणि माणूस लागतोच.

सुरक्षेचं एकच सांगतो आणि ते प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर छापा. विजा चमकत असताना, ओढा ओलांडून, किंवा रात्री डोंगराकडेला आकड्यासाठी जायचं नाही. उशीर झाला तर मोजल्याची वेळ लिहायची, तेवढं पुरतं. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं तेव्हापासून आमच्या वरच्या वाड्यांत ठरलेलं आहे की संध्याकाळपर्यंत बाटली निम्मी भरली तर मला आणि सरपंचांना फोन. धोक्याचा इशारा देणं हवामान खात्याचं आणि जिल्हा आपत्ती कक्षाचं काम आहे, त्यांच्या १०७७ क्रमांकावर ती माहिती द्यायची. तो भार निरीक्षकाच्या खांद्यावर टाकू नका. जोराच्या पावसात टॉवरही बंद पडतो, म्हणून मूळ नोंद कागदाची वही आणि शिसपेन्सिल. पेनची शाई ओल्या हातानं पसरते.

या आठवड्यात तुम्ही एवढं करा. पंधरा गावांची फेरी आखा, रोज तीन. सोबत कोऱ्या वह्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पेन्सिली आणि तुमची स्वतःची रेघांची वही घ्या. वही नसेल तर आजच सुरू करा, रेघा आपोआप पडतील. लावणी आता उरकलीय, माणसं दुपारी घरी भेटतील. जिथं अंदाजाचे आकडे येताहेत तिथं मोजायच्या वेळेला, सकाळी सव्वाआठला पोचा आणि शेजारी बसा. आणि जादा काचा नेणार असाल तर त्या १०० च्या आहेत की २०० च्या, हे निघायच्या आधी घरीच बघून घ्या.